आयींच्या राज्यात

गावी आलो की लोक चीनबद्दल ठरलेले प्रश्न विचारतात. साप खावा लागतो का? फोनमधून सगळं ऐकतात म्हणे, खरं का? थंडीत काय घालता? एका काकांनी तर इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून विचारलं, "तिथे खरी सत्ता कोणाच्या हातात आहे रे?" काकांना बेजिंगमधल्या कुठल्यातरी आतल्या गोटातली बातमी हवी होती. मी राहतो शांघायच्या होंगकोउ भागात. बेजिंग तिथून रुळावरून 1318 किलोमीटर लांब. वेगवान गाडी ते अंतर साडेचार तासांत कापत असली तरी आतल्या गोटातल्या बातम्या काही तिच्यातून येत नाहीत. पण आमच्या सोसायटीपुरतं मी छातीठोकपणे सांगू शकतो. सत्ता आयींच्या हातात आहे.

आयी म्हणजे पन्नाशी ओलांडलेली कुठलीही बाई. शेजारीण आयी, भाजीवाली आयी, घरकामाला येणारी आयी, आणि रस्त्यात 'मुलाला टोपी घाल' असं सांगून निघून जाणारी अनोळखी बाईही आयीच. मराठी जिभेला हे संबोधन शिकवावं लागत नाही. केस आखूड आणि कुरळे करून घेतलेले, अंगात फुलाफुलांचा कोट, हातात चाकांची पिशवी, उन्हाळ्यात चेहऱ्यावर काळ्या काचेचं झापड. पर्समध्ये एक लांबलचक रंगीत रुमाल असतो. वसंतात चेरीला बहर आला की झाडाखाली उभं राहून, तो रुमाल वाऱ्यावर सोडून फोटो काढून घ्यायचा असतो. फोटो काढणाऱ्याला निदान वीस वेळा सूचना दिल्या जातात. फोटो काढणारा बहुधा नवरा असतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर आयुष्यभराच्या सूचनांचा थकवा असतो.

या राज्याचा पाया सरकारनंच घातला. 1950च्या दशकापासून चीनमध्ये निवृत्तीचं वय पुरुषांना साठ, कचेरीतल्या बायकांना पंचावन्न आणि कारखान्यातल्या बायकांना पन्नास असं होतं. नियम करणाऱ्यांच्या मनात दया असणार. पण पन्नाशीच्या बाईला निवृत्त केल्यावर ती पुढे काय करेल, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. नोकरीत होती तोवर ती दिवसाचे आठ तास निदान कारखान्याच्या ताब्यात तरी होती. मग एके दिवशी चाळीस बायकांच्या पाळ्या सांभाळणारी मुकादमीण घरी आली. मुलगा एकच, तोही कामावर. नवरा एकच, तोही आधीच वळण लावून झालेला. तेव्हा तिनं सोसायटी हातात घेतली. 2025च्या 1 जानेवारीपासून हे वय पंधरा वर्षांत हळूहळू वाढवत न्यायचं ठरलंय: पुरुषांना त्रेसष्ट, बायकांना अठ्ठावन्न आणि पंचावन्न. आमच्या आयींना त्याची झळ नाही. त्या कधीच मोकळ्या झाल्या आहेत.

सुरुवातीला कंपनीनं मला पूतोंगमध्ये चाळीस मजली काचेच्या इमारतीत ठेवलं होतं. तिथे शेजारी जर्मन, वर ब्राझीलचा, खाली कोण ते कधीच कळलं नाही. मग घरभाड्याचा भत्ता आटला आणि आम्ही होंगकोउत आलो. सहा मजले, लिफ्ट नाही, खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या लांब काठ्या. सामान वर चढवेपर्यंत आमचा पगार, वय, भाडं, मूल का नाही आणि पूर्वीच्या भाडेकरूनं नळ कसा बिघडवला होता, इतक्या गोष्टींची देवाणघेवाण पार पडली. परदेशी माणसाला राहत्या पत्त्याची नोंद चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे करावी लागते. ती करायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. माझी खरी नोंद आदल्या संध्याकाळीच झाली होती, सहा नंबरच्या इमारतीखालच्या बाकावर.

त्या बाकावर बसलेल्या सहा नंबरच्या आयी इथून पुढे लेखात वरचेवर येतील, कारण त्या माझ्या आयुष्यातही वरचेवर येतात. पूर्वी कापडगिरणीत होत्या. बोलतात शांघायच्या बोलीत. कंपनीच्या खर्चानं वर्ग लावून मी जी शुद्ध मँडरिन शिकलो होतो, ती त्यांच्यापुढे बोललो तर त्या सहानुभूतीनं बघतात.

आमची पहिली गाठ कचऱ्यावर पडली. शांघायमध्ये 1 जुलै 2019पासून कचऱ्याचा कायदा आला. ओला, सुका, पुन्हा वापरता येणारा आणि घातक असे चार भाग. चुकलात तर 50 ते 200 युआन दंड. आमच्याकडे डब्यांचं दार सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ एवढंच उघडं असतं, आणि दारात लाल फीत बांधून आयी उभ्या असतात. ओला कचरा पिशवीसकट टाकायचा नाही. पिशवी उघडायची, आतला माल ओल्या डब्यात उपडा करायचा, पिशवी सुक्यात टाकायची. म्हणजे रात्री काय जेवलात, किती उरवलंत आणि नवराबायकोत भांडण झालं होतं का, हे सकाळी सातला चारचौघांसमोर उघडं पडतं.

यातलं शास्त्र खोल आहे. कोंबडीचं हाड ओलं, डुकराचं मोठं हाड सुकं. खेकड्याचं कवच ओलं, कालवांचे शिंपले सुके. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं ओली, पण नारळाची करवंटी सुकी. दुधाचा चहा साबुदाण्यासारख्या गोळ्या घालून प्लास्टिकच्या पेल्यात मिळतो, तो अर्धा उरला तर चहा मोरीत, गोळ्या ओल्यात, पेला सुक्यात आणि झाकण धुऊन चौथ्याच डब्यात. शेवटी शहरानं स्वतःच एक युक्ती शोधली आणि ती तोंडोतोंडी झाली: डुक्कर जे खाईल ते ओलं, डुक्करसुद्धा खाणार नाही ते सुकं, जे खाऊन डुक्कर मरेल ते घातक, आणि जे विकून डुक्कर विकत घेता येईल ते पुन्हा वापरण्याजोगं. मी सकाळी पिशवी घेऊन निघतो तेव्हा डोक्यात एक डुक्कर घेऊनच जिना उतरतो. पण आमच्या घरच्या कचऱ्यापुढे त्या डुकराचंही चालेना. आलं-वेलदोड्याचा चोथा, फोडणीतला कढीपत्ता, कोकमाचं काळं पडलेलं साल. आयींनी कोकम चिमटीत धरलं, वास घेतला, शेजारच्या आयींना दिलं. त्यांनीही घेतला. तिघींची बैठक झाली. घातक डब्याच्या दिशेनं एकदा नजर गेल्याचंही मला स्पष्ट दिसलं. शेवटी मी ते उचलून तोंडात टाकलं आणि ते ओल्यात जमा झालं.

बाजारातला कारभार जरा वेगळा. तिथे विकणारीही आयी आणि घेणारीही आयी, त्यामुळे सत्ता समसमान. भाव अर्ध्या किलोचा असतो, त्याला जिन म्हणतात, हे माहीत नसलं तर नवखा माणूस स्वस्ताईनं हरखतो. गोंगाटात भाव बोटांवर सांगतात, आणि दहापर्यंतचे सगळे आकडे एकाच हातावर होतात. सहाला अंगठा आणि करंगळी बाहेर, सातला तीन बोटांची चिमूट. आठला अंगठा आणि तर्जनी ताणून थेट पिस्तूल. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या बाईनं वांग्यांच्या ढिगाऱ्यामागून माझ्यावर पिस्तूल रोखलं तेव्हा मी दोन्ही हात वर केले. तिला वाटलं मी दहा म्हणतोय. तिनं आनंदानं दहा घेतले.

वसंतात याच बाजारात मेथीची जुडी दिसते. तीच तीन पानं, तोच हिरवा रंग. परदेशात मेथी दिसलेल्या मराठी माणसाचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको. त्या भाजीचं नाव त्साओथोउ. मेथीची ती भावकीतलीच, आणि शांघायचे लोक तिच्यावर जीव टाकतात. मोठ्या आचेवर परतून वरून दारूचा हबका मारतात. कडूपणा मात्र नावाला नाही. बायकोनं लसूण-मिरची घालून, दारू वगळून ती केली. आम्ही दोघांनी ती मेथी समजून गप्प बसून खाल्ली. परगावी असले समझोते करावे लागतात. भाजीवाल्या आयी वर कांद्याच्या पातीच्या चार काड्या फुकट टाकतात, त्यानं मात्र मन भरून येतं. फुकटची पात आणि फुकटची कोथिंबीर यांत हिमालय आडवा असला तरी तत्त्व एकच. पैसे फोननं द्यायचे. पिंजऱ्यातल्या बेडकांच्या वर चौकोनी कोड टांगलेला असतो. आठ युआनच्या वांग्यांसाठी नोट काढलीत तर आयी ती उजेडात धरून, काहीतरी ऐतिहासिक वस्तू बघावी तशा बघतात.

आयींचा खरा अधिकार कळतो तो थंडीत. चीनमध्ये एक रेषा आहे. पश्चिमेला छिनलिंगचे डोंगर, पूर्वेला ह्वाय नदी. रेषेच्या उत्तरेला सरकार साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत शहरांत घरोघर नळांतून ऊब पुरवतं. दक्षिणेला पुरवत नाही, कारण 1950च्या दशकात कोळसा मोजका होता आणि दक्षिण उबदार आहे असं ठरलं. शांघाय दक्षिणेत येतं. जानेवारीत बाहेर पाच अंश आणि घरातही पाचच, वर ओल. उत्तरेतले लोक बर्फात राहून घरात बनियनवर बसतात. आम्ही घरात येऊन कोट चढवतो.

यावर आयींकडे दोन उपाय आहेत. पहिला, आतून घालायची लांब घट्ट विजार. ती घातली आहे की नाही, हे तुमच्या शब्दावर सोडलं जात नाही. सहा नंबरच्या आयी चालता चालता वाकतात, माझ्या पँटची कड दोन बोटांनी वर करतात आणि खात्री करून घेतात. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करतो. इतकी कसून तपासणी आमच्याकडेही होत नाही.

दुसरा उपाय गरम पाणी. सर्दी झाली, गरम पाणी प्या. पोट दुखतंय, गरम पाणी. बढती हुकली, बस आधी, गरम पाणी घे. 1952 साली देशभर स्वच्छतेची मोठी मोहीम निघाली, तेव्हापासून उकळलेलं पाणी प्यायचं हे लोकांच्या हाडीमाशी खिळलं. शांघायच्या गल्ल्यांत तर त्याही आधीपासून नुसतं गरम पाणी विकणारी दुकानं होती. थर्मास घेऊन जायचं आणि भरून आणायचा. आज विमानतळावर, रेल्वेच्या डब्यात, बँकेत, सगळीकडे गरम पाण्याचा नळ असतो. ऑगस्टमध्ये बाहेर अडतीस अंश असताना मी बर्फाचं पाणी पीत होतो. आयींनी बाटली हातातून घेतली, झाडाला घातली, आणि झाडाकडे काळजीनं बघत राहिल्या.

संध्याकाळी त्या नाचतात. सातच्या सुमारास चौकात चाकांचा लाउडस्पीकर येतो, तीसचाळीस जणी रांगेत उभ्या राहतात आणि गाणं सुरू होतं. आवाजाबद्दल देशभर इतक्या तक्रारी झाल्या की 2022च्या जूनपासून लागू झालेल्या ध्वनिप्रदूषणाच्या कायद्यात या नाचाचाही बंदोबस्त करावा लागला. आमच्याकडे कायद्याचं पालन होतं, म्हणजे स्पीकरचं तोंड सोसायटीऐवजी शेजारच्या सोसायटीकडे केलेलं असतं. जवळच लू शुन उद्यान आहे. आधुनिक चिनी साहित्याचा तो बाप माणूस तिथेच पुरलेला आहे. माणूस मोठा कडवट लेखणीचा. आता रविवारी त्याच्या आसपास एक गायकवृंद, दोन नाचाचे गट, एक सॅक्सोफोन आणि पाठ झाडावर दाणदाण आपटून रक्ताभिसरण सुधारणारे पाचसहा जण असतात. त्यानं यावर काय लिहिलं असतं, याचा मी कधीकधी विचार करतो.

शनिवार-रविवारी दुपारी यातल्या काही आयी पीपल्स पार्कात लग्नाच्या बाजाराला जातात. तिथे उघड्या छत्र्या जमिनीवर ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक छत्रीवर एक कागद: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, नोंदणी शांघायची की बाहेरची, स्वतःचा फ्लॅट आहे की नाही. परदेशात असलेल्या मुलामुलींचा कोपरा वेगळा. ज्यांचं लग्न ठरवायचं ती मुलं तिथे नसतात. काहींना तर आपण छत्रीवर आहोत याचा पत्ताही नसतो. बहुतेक एकुलती एक, कारण 2015च्या अखेरपर्यंत दुसऱ्याला सहसा परवानगी नव्हती, त्यामुळे आईबापांचा सगळा डाव एकाच पत्त्यावर लागलेला. पुण्यामुंबईच्या वधूवर मंडळांत वाढलेल्या मराठी माणसाला इथे अजिबात परकं वाटत नाही. फक्त पत्रिका नाही, आणि फ्लॅटचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. मी नुसता बघायला गेलो होतो. एका बाईनं उंची विचारली, दुसरीनं पगार. लग्न झालंय म्हटल्यावर तिसरीनं विचारलं, "भाऊ?"

2022 साली दोन महिने शहर बंद होतं. त्या दिवसांवर विनोद करायची माझी तयारी नाही. एवढंच सांगतो, की भाजी दारात कशी आणायची, कोणाच्या घरी औषध संपलंय आणि कोणाकडे कोबी जास्त झालाय, याचा सगळा हिशेब फोनवरच्या एका गटात सहा नंबरच्या आयींनी ठेवला होता. कोका-कोलाची बाटली तेव्हा नाण्यासारखी चालायची. आम्ही हळद देऊन अंडी घेतली. तेव्हापासून मी त्यांच्यापुढे पँटची कड स्वतःहून वर करतो.

आणि मग आमच्याकडे बाळाची चाहूल लागली, आणि सांगलीहून आई आली.

थेट विमानं तेव्हा बंद होती. बँकॉकला विमान बदलून, दोन बॅगांत अळीव, डिंक, खारीक, सुंठ आणि एक छोटी शेगडी घेऊन ती उतरली. मला धास्ती होती ती तिला एकटेपणा वाटेल याची. भाषा नाही, ओळख नाही, जेवण शाकाहारी. तिथल्या खानावळीत वांग्याची भाजी मागवली तरी तिच्यात खिमा निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाल्कनीत उभी राहिली. खाली सहा नंबरच्या आयींनी मान वर केली. दोघींनी एकमेकींना एक मिनिटभर न्याहाळलं. मग आयींनी स्वतःच्या कानांकडे बोट दाखवून डोक्याला रुमाल बांधायची खूण केली. आईनं आत येऊन मला सुनावलं, "बघ, त्या बाईला कळतं. तुला किती वेळा सांगितलं, सूनबाईच्या कानाला वारा लागू देऊ नको म्हणून."

त्या दिवसापासून घरात माझ्या बाजूनं कोणी उरलं नाही. मुलगी झाली. चीनमध्ये बाळंतिणीनं महिनाभर घरात बसायचं असतं. थंड पाण्याला हात लावायचा नाही, केस धुवायचे नाहीत, वारा लागू द्यायचा नाही, डोळ्यांना ताण द्यायचा नाही. श्रीमंतांसाठी त्याची खास हॉटेलासारखी केंद्रं निघाली आहेत. माझी बायको संगणक अभियंता आहे, तिनं इंग्रजी पुस्तकं वाचून ठेवली होती. 'हे सगळं जुनं झालं, उलट हिंडलं-फिरलं पाहिजे,' असं ती सासूला सांगू शकली असती. सासूला आणि सहा नंबरच्या आयींना एकदम सांगण्याची छाती कोणाला आहे? दोन प्राचीन संस्कृती तिच्या पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या आणि खिडकी बंद करण्यावर त्यांचं पूर्ण एकमत होतं.

मतभेद झाले ते खाण्यावरून. आयी झाकणाच्या डब्यात डुकराच्या पायाचं आणि शेंगदाण्यांचं सूप घेऊन आल्या; दूध भरपूर येतं म्हणे. आईनं डबा उघडला, खूर बघितला, झाकण लावलं आणि हात जोडले. आयींना वाटलं, कृतज्ञता. दुसऱ्या दिवशी मोठा डबा आला. आईनं उत्तरादाखल डिंकाचा लाडू पुढे केला. आयींनी तो फोडला, आतला फुललेला डिंक बोटावर घेऊन बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. पीचच्या झाडाचा डिंक भिजवून त्याची गोड खीर त्या स्वतः करतात. कोकमाला तीन आयींची बैठक लागली होती; लाडूला एक घास पुरला. पुढच्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात चार आयी डिंक तळताना बघायला उभ्या होत्या आणि आई त्यांना मराठीत समजावत होती, "मंद आचेवर, हं. घाई केली की आत कच्चा राहतो." चौघी माना डोलावत होत्या.

बारशावरून मात्र ठिणगी उडाली. आईला बाराव्या दिवशी पाळणा हवा. आयींच्या मते महिना भरेपर्यंत बाळाला लोकांसमोर आणणं हा वेडेपणा. महिना भरला की लाल रंगवलेली अंडी वाटायची. दोघीही माझ्याकडे बघू लागल्या, म्हणजे निर्णय मी घ्यावा म्हणून नव्हे, तर मी दुसरीला समजावावं म्हणून. अखेर बाराव्या दिवशी खिडक्या बंद करून, आवाज न करता नाव ठेवलं, आणि महिन्यानं अंडी वाटली. आईनं अंड्यांना हात लावला नाही, पण रंग नीट बसलाय का ते लांबून बघितलं. शेजारच्या टोपलीत घुगऱ्या होत्या. आयी लोकांनी त्या संपवल्या आणि अंडी आमच्यासाठी ठेवली.

बाकावरच्या बैठकीत आई पहिल्या आठवड्यातच रुजू झाली होती. मटारासारख्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा सोलता सोलता तिथे सर्व विषय निघत. 'दंगल' 2017 साली तिकडे तुफान चालला होता. तो सगळ्यांनी पाहिलेला, त्यामुळे माझ्या बायकोचे दंड एकदा दाबून बघून झाले होते. सहा नंबरच्या आयींच्या यजमानांनी एकदा अंगठा वर करून "के दीहुआ!" असं म्हटलं. मी आईला सांगितलं, हे डॉक्टर कोटणिसांचं चिनी नाव, 1938 साली वैद्यकीय पथकातून आलेले, 1942मध्ये इथेच वारलेले. आईचं माहेर सोलापूर. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कोटणीस? अरे, ते आमचे की! आमच्या सोलापूरचेच की ते!" आणि त्या माणसाच्या जन्मापासूनची हकिकत तिनं अशा तपशिलानं सांगितली, जणू लहानपणी त्यांना डबा हीच पोचवत असे. कोटणिसांचा जन्म 1910चा आणि आईचा 1955चा, हे मी भाषांतरात गाळलं. त्या दिवसापासून बाकावर आईची जागा मधली.

सोन्याचा विषय निघाला तेव्हा तर मला भाषांतराला कोणी विचारलंच नाही. 2013च्या एप्रिलमध्ये सोन्याचा भाव एकदम कोसळला, तेव्हा चीनभरच्या आयींनी दुकानांवर झुंबड उडवली होती. जगभरच्या बाजारपंडितांनी त्याची दखल घेतली, काहींनी टिंगलही केली. आज सोन्याचा भाव बघता टिंगल करणारे कुठे आहेत कोण जाणे. आमच्या आयींनी तेव्हा किती घेतलं, हे त्यांच्या यजमानांनाही माहीत नाही. आईला त्यांनी बोटांवर सांगितलं. मग आईची पाटली हातात घेऊन तोलली आणि नाक मुरडलं, कारण बावीस कॅरेट म्हणजे त्यांच्या लेखी भेसळ. दोघी मिळून लाओ फेंगशियांगमध्ये गेल्या. 1848 सालापासूनची पेढी. तिथल्या तरुण विक्रेत्याला आईनं मराठीत आणि आयींनी शांघायच्या बोलीत एकाच वेळी घडणावळीबद्दल विचारायला सुरुवात केली. वीस मिनिटांनी त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं गरम पाणी मागवलं.

तीन महिन्यांनी आई परत गेली. त्यानंतरची व्यवस्था मला आधी सोयीची वाटली होती. चीनमध्ये सगळे वीचॅट वापरतात; ते भारतानं 2020च्या जूनमध्ये बंद केलं. आई व्हॉट्सॲप वापरते. ते चीनमध्ये उघडत नाही. तेव्हा या दोन बायकांना एकमेकींशी थेट बोलायचा मार्गच नाही. भारत आणि चीन या दोन्ही सरकारांनी मिळून कधी कुठली गोष्ट माझ्या भल्याची केली असेल, तर ती ही, असं मला महिनाभर वाटत होतं.

पण माझं भारतातलं सिम रोमिंगवर चालू असतं आणि त्यावर व्हॉट्सॲप चालतं, हे आयींना कोणीतरी सांगितलं. आता सकाळी डब्यांपाशी त्या माझा फोन मागतात, तोंडासमोर आडवा धरतात आणि आईसाठी निरोप बोलून ठेवतात. तो पाठवायचा मीच, आणि खाली मराठी मजकूर लिहायचाही मीच. परवाचा निरोप दीड मिनिटाचा होता. त्यात मी कचरा टाकायला उशिरा येतो, बायको पुन्हा पोटऱ्या उघड्या टाकून हिंडायला लागली आहे, पोरीच्या पायात मोजे नव्हते आणि फ्रिजमध्ये बिअर आहे, एवढे मुद्दे होते. मी खाली लिहिलं, 'सगळं छान आहे. तुझी आठवण काढतात.'

पाच मिनिटांत आईचा फोन. "एवढा वेळ बोलली ती, आणि तू दोन ओळीत सांगतोस? आवाज चढलेला आहे तिचा. काय केलंस तू?"

मी काही केलं नाही म्हणालो. आईनं लगेच उलट निरोप बोलून पाठवला, पावणेदोन मिनिटांचा, सोलापुरी मराठीत. दुसऱ्या दिवशी डब्यांपाशी आयींनी तो कानाला लावून दोनदा ऐकला. मध्ये दोन ठिकाणी जोरात मान हलवली. अर्थ विचारला नाही. फोन परत देताना शेजारच्या आयींना एवढंच म्हणाल्या, "बघ, त्याची आईसुद्धा तेच म्हणते आहे," आणि माझ्या हातातली पिशवी उघडायला घेतली.